सोबत कोण राहतं?

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही; आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, त्याला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही सोपं जात नाहीये. एवढ्या तीन ओळी लिहिताना दोनदा उठून पाणी पिऊन आलो.

माझ्या कपाटात एक शाल आहे. तिथपासून सुरू करतो. गेल्या वर्षी पोलादपूरला एका कार्यक्रमात मला शाल आणि नारळ देऊन माझा सत्कार झाला. नारळ घरी आल्यावर दोन दिवसांत संपला. शाल मात्र डांबरगोळ्या घालून ठेवली आहे, तशीच. बायको म्हणते, अहो, थंडीचं अंगावर तरी घ्या, सत्काराची म्हणून काय पुजायची आहे का? मी विषय बदलतो. विषय बदलण्यात माझा हात कोणी धरणार नाही, हे तुम्हालाही थोड्याच वेळात कळेल. ती शाल मला ज्या गोष्टीसाठी मिळाली ती मी केलेलीच नाही. उलट — पण थांबा. आधी खोली.

बिरवाडीची खोली. एक खोली, एक मोरी, एक खिडकी. संडास बाहेर, चार खोल्यांत मिळून एक. आम्ही दोघं राहायचो, मी आणि मंगेश. मंगेश वरंधचा, मी उमरठच्या वरच्या अंगाच्या वाडीतला. तो सव्वीस वर्षांचा, मी सत्तावीसचा. दोघंही एकाच केमिकल कंपनीत ठेकेदाराकडे, तो लोडिंगला, मी पॅकिंगला. माझी आई मोठ्या भावाकडे मुंबईला असायची, गावच्या घराला कुलूप. मंगेशचं मात्र सगळं घरदार गावी, आणि घरी जाऊन आला की त्याच्या पिशवीत माझ्या वाटणीचं काहीतरी असायचंच — तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, त्याच्या आईनं केलेले नाचणीचे लाडू. त्याची आई मला न बघताच माझ्या जेवणाची काळजी करायची.

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून. खिडकी. ती कंपन्यांच्या बाजूला उघडायची, आणि वारा फिरला की खोलीत असा वास भरायचा की घशात ओरखडे उठायचे. बिरवाडीत सगळेच अशा वेळी खिडक्या लावून घेतात. मंगेश लावू द्यायचा नाही. घाटातल्या वाऱ्यात वाढलेला माणूस तो. त्याचं अंथरूण खिडकीखालीच. "वास काय, येतो नि जातो," म्हणायचा, "पन बंद खोलीत माझा जीव घुसमटतो रे." मी लावायचो, तो उघडायचा. दोन वर्षं आमचं हे चाललं होतं, चेष्टेचेष्टेतच.

मग मला खोकला सुरू झाला.

आता बिरवाडीत खोकल्याला कोण विचारतो? सगळेच खोकतात. कंपनीचा खोकला म्हणतात त्याला, गूळ खा, आलं घाल चहात, की झालं. माझाही तसाच असेल असं पहिले तीन-चार आठवडे मला खरंच वाटलं. एवढं मी स्वतःच्या बाजूनं सांगू शकतो, आणि बाजूनं सांगण्यासारखं एवढंच आहे. पुढं संध्याकाळचा बारीक ताप यायला लागला. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. आणि एके सकाळी मोरीत थुंकलो तर त्यात रक्ताची रेघ. मी तांब्याभर पाणी ओतलं. मंगेश तेव्हा तिसऱ्या पाळीवरून येऊन खिडकीखाली झोपला होता. मला त्या क्षणी कळलं होतं — अगदी नाव घेऊन कळलं होतं. आमच्या वाडीत एक म्हातारा त्याच आजारानं गेला होता, लहानपणी पाहिलेलं. मग मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेलो असेन, नाही का? नाही. मी पाच आठवडे गेलो नाही.

का, ते सांगतो. कारण म्हणून नाही, घडलं तसं म्हणून. आम्ही दोघांनी महाडच्या एका एजंटाकडे पासपोर्ट दिले होते. आखातात गोदामात काम. महाड-पोलादपूर भागात आखात म्हणजे काय, हे बाहेरच्याला समजावणं कठीण आहे. घरातला एक माणूस गेला की कौलाचं घर स्लॅबचं होतं. एजंटानं पहिल्या दिवशीच बजावलं होतं, "छातीचा फोटो साफ पाहिजे. जुना डाग दिसला तरी परत पाठवतात, कायमचा." फोन कधीही येईल म्हणाला होता. मी फोनची वाट बघत खोकत राहिलो. तोंडावर रुमालसुद्धा धरला नाही, कारण रुमाल धरला की मंगेश विचारणार.

आणि मंगेशनं काय केलं माहीत आहे? मला वासाचा त्रास होतो म्हणून त्यानं स्वतः खिडकी लावायला सुरुवात केली. दोन वर्षं भांडलेला माणूस, आपणहून. "तुला खोकल्याची उबळ येते ना, बंदच असू दे," म्हणाला. आणि तो तिथं झोपायचा. बंद खिडकीखाली, माझ्यापासून चार हातांवर.

शेवटी चालताना धाप लागायला लागली तेव्हा पोलादपूरला गेलो. महाडला गेलो नाही — महाडला कोणीतरी ओळखीचं भेटतंच. थुंकी तपासली. क्षय. डॉक्टर तरुण होते, समजावून सांगायची हौस असलेले. केसपेपरच्या मागं त्यांनी एक छाती काढली, तीत चार ठिपके, आणि ठिपक्यांभोवती एक गोल. म्हणाले, हे जंतू श्वासाबरोबर आत जातात. खोकणाऱ्याच्या तोंडातून उडालेले बारीक थेंब बंद खोलीच्या हवेत कितीतरी वेळ तरंगत राहतात, तीच हवा दुसरा घेतो. भांड्यातून नाही, कपड्यातून नाही, हात लावल्यानं नाही — हवेतून. पण जंतू आत गेला म्हणजे माणूस आजारी पडलाच असं नाही. शरीरातले पहारेकरी त्याला ओळखतात, त्याच्याभोवती जमतात आणि भिंत घालून त्याला आत कोंडतात. हा गोल म्हणजे ती भिंत. जंतू मरतोच असं नाही, निपचित पडून राहतो, कित्येकांच्या छातीत तो जन्मभर तसाच पडून असतो आणि त्यांना कधी कळतही नाही. अंग थकलं, खाणं कमी पडलं, जागरणं झाली, किंवा एकसारखे नवे जंतू आत जात राहिले, की भिंत कमी पडते. ते बोलत होते आणि मी त्या गोलाकडे बघत होतो. कोंडलेला आणि कोंडणारा. मला वाटलं, आत इतकं सगळं चालू होतं आणि मला कुणी काही बोललं नाही.

मग मला राग आला, आणि तो खरा राग होता. हे मला दिलं कुणी? महाड-पोलादपूर एसटीत खांद्यावर मान टाकून झोपलेला तो माणूस? कॅन्टीनमध्ये ताटं वाढणारा? आमच्या आधी त्या खोलीत राहिलेला? कुणीतरी होता. त्याला माहीत होतं. तो खोकला, त्याला कळलं, आणि तो गप्प बसला, आणि त्याच्या गप्प बसण्याची किंमत मी मोजतोय — असं मनात घोळवत मी पोलादपूरच्या एसटी स्टँडवर बसलो होतो. माझा विश्वासघात झाला असं मला वाटत होतं, आणि ज्यानं केला त्याचा चेहराही मला माहीत नव्हता. मी त्याला मनातल्या मनात फार घाण शिव्या दिल्या. त्यातली प्रत्येक शिवी पुढं मला लागू पडली.

डॉक्टरांनी सांगितलं होतं: औषध सुरू झालं की साधारण दोन आठवड्यांत जंतू बाहेर पडणं बहुतेक थांबतं. तोवर वेगळे झोपा, तोंडावर कापड ठेवा, आणि खिडकी उघडी ठेवा. फुकटचं औषध आहे ते, म्हणाले, वारा आणि ऊन.

खोलीवर आलो. खिडकी बंद. मंगेश घोरत होता. मला फक्त कडी काढायची होती. हात कडीपर्यंत गेलासुद्धा. पण उद्या तो विचारणार — काय रे, आता वास येत नाही का तुला? दोन वर्षं बंद कर म्हणून भांडणारा मी अचानक उघडी ठेव म्हणायला लागलो तर काय सांगणार होतो? मला एक साधी थाप सुचू नये? सुचली असती. पण मी थापसुद्धा मारली नाही. हात खाली घेतला आणि भिंतीकडे तोंड करून पडलो. ते दोन आठवडे खिडकी बंदच राहिली.

गोळ्या मी कंपनीच्या लॉकरमध्ये ठेवायचो. एकदा मंगेशनं हातात पाकीट पाहिलं तेव्हा पित्ताच्या म्हणालो. त्या गोळ्यांनी लघवी लाल होते. संडासात मी दोन बादल्या जास्तीच्या ओतायचो, आणि मंगेश चेष्टा करायचा की साहेब आता फार स्वच्छ झाले. सहा महिने एकही गोळी चुकवली नाही. वजन भरलं, खोकला गेला, शेवटच्या फोटोत वणसुद्धा राहिला नाही. असं होतं कधी कधी, डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात.

त्यानंतर काही महिन्यांनी एजंटाचा फोन आला. आम्ही दोघं मुंबईला मेडिकलला गेलो. मंगेशनं नवा शर्ट घातला होता, एक्सरेसाठी तो काढायचाच असतो हे त्याला माहीत नव्हतं. त्याला तसा काहीच त्रास नव्हता. थोडा थकवा, बस. निकाल एजंटानं फोनवर सांगितला. मी पास. मंगेशच्या उजव्या छातीत वर डाग. जुना नाही, जिवंत. पुढं महाडला थुंकी तपासली, त्यात जंतू सापडले.

आता तुम्ही म्हणाल — बिरवाडीत हजार माणसं खोकतात, त्याला दुसरीकडून झाला नसेल कशावरून? हा आधार मी स्वतःला किती वर्षं देत आलोय. मला तो तुमच्याकडून नको. चार हातांवर, बंद खिडकीत, पाच आणि दोन सात आठवडे, आणि त्याआधीचा महिना. मला माहीत आहे कशावरून.

पण खरं ऐकायचं ते पुढंच आहे. थुंकीचा निकाल आला त्या दिवशी मी पाळी करून खोलीवर आलो तर मंगेश दारातच उभा. आत यायला तयार नाही. आणि हा मंगेश — कबड्डीत दोन गडी अंगावर घेऊन रेषेला हात लावणारा — तिथं उभा राहून रडला. म्हणाला, "माझ्यापासून तुला काय झालं नाय ना रे? मला खरंच ठाव नव्हतं. देवाशपथ ठाव नव्हतं. ठाव असतं तर मी खोली सोडून गेलो असतो." त्यानं माझी माफी मागितली. तुम्हाला कळतंय का? त्यानं माझी. आणि मी काय केलं — मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, जाऊ दे रे, तुझी काय चूक. मी त्याला माफ केलं. तो शब्द आजही तोंडात आला की थुंकावासा वाटतो.

त्यानं स्वतःची भांडी वेगळी केली. चहासाठी एक पेला बाजूला काढला, स्टीलचा, माझ्या बारशाला मामानं दिलेला, माझं नाव घातलेला. त्याच्या हाताला तो लागला म्हणून तोच त्याचा झाला. भांड्यातून पसरत नाही हे मला पक्कं माहीत होतं. डॉक्टरांचं वाक्य कानात होतं. सांगितलं असतं तर तो किमान एवढ्या एका शिक्षेतून तरी सुटला असता. पण मला ते कसं माहीत, असं त्यानं विचारलं असतं. म्हणून सांगितलं नाही. तो माझ्या नावाच्या पेल्यात चहा प्यायचा, आणि पिऊन झाला की स्वतः राखेनं घासून कोपऱ्यात पालथा घालायचा.

आरोग्य खात्याचा माणूस खोलीवर आला, सोबतच्यांची तपासणी करायला. मंगेशनं माझा हात धरून मला पुढं केलं. "साहेब, आधी ह्याला बघा. ह्याला परदेशी जायचं हाय." त्या माणसानं मला विचारलं, पूर्वी कधी टीबीची औषधं घेतलीत? मी म्हणालो, नाही. मंगेश शेजारी बसला होता. माझी तपासणी साफ आली, आणि माझ्याहून जास्त आनंद त्याला झाला.

एकदा तो म्हणाला, "विडी नाय, दारू नाय. रोज दंड काढतो. तरी माझ्या अंगानं मला दगा दिला रे." मी खिडकीकडे बघत होतो. खिडकी आता उघडी होती. त्याला डॉक्टरनं सांगितलेलं तो पाळत होता, पहिल्या दिवसापासून. त्याच्या अंगानं दगा दिला नव्हता हो. त्याच्या अंगानं किती महिने भिंत धरून ठेवली असेल, रोज आत येणाऱ्या नव्या शत्रूंशी झुंजत, तिसऱ्या पाळीच्या जागरणात, कॅन्टीनच्या पातळ आमटीवर. दगा देणारा त्याच्या शेजारी बसून मान हलवत होता.

खोलीमालकानं त्याला निघायला सांगितलं. शेजारच्यांनी नळावर वाद घातला. मी म्हणालो, तो गेला तर मीही जाईन. सगळ्यांना केवढं कौतुक. मला कसली भीती होती? औषधाचे दोन आठवडे होऊन गेले होते, आता त्याच्यापासून धोका नव्हता, हे त्या अख्ख्या चाळीत फक्त मला ठाऊक होतं. न भिण्यासाठी मला काहीच किंमत मोजावी लागत नव्हती. व्हिसा येईपर्यंत दोन महिने तिथं राहिलो आणि विमानात बसलो. त्याचं जमत आलेलं लग्न त्याच सुमारास मोडलं, मुलीच्या मामाला कुठून तरी कळलं. आणि आखात त्याला कायमचं बंद झालं, एजंट म्हणाला होता तसंच.

तिकडं मी तीन वर्षं काढली. मग कोरोना आला आणि आम्हाला परत पाठवलं. गावानं मला वाडीच्या शाळेत ठेवलं, चौदा दिवस, बाहेरून दोरी बांधून. सख्ख्या चुलत्यानं डबा आणायला नकार दिला. तिसऱ्या दिवशी शाळेच्या पडवीबाहेर गाडीचा आवाज आला. मंगेश. वरंधहून इतक्या लांब, सहा आसनी रिक्षा घेऊन — ती तो तेव्हा चालवायला लागला होता. डबा पायरीवर ठेवला, लांब जाऊन बसला, आणि ओरडून म्हणाला, "सगळ्या खिडक्या उघड्या ठेव रे. हवा खेळती पायजे. लाजू नको, खोकला आला तर सांग सरळ." मी खिडक्या उघडल्या. तो दिवसाआड येत राहिला. डब्यात त्याच्या आईच्या हातचं असायचं. मी जेवायचो, तो लांबून मला जेवताना बघायचा. तेव्हा बोललो असतो तर? आमच्यामध्ये नुसतं अंगण होतं. मी म्हणालो, चटणी झकास झालीय.

मंगेश आता बरा आहे. उशिरानं लग्न झालं, एक मुलगी आहे. बरे झालेले काही लोक आरोग्य खात्याबरोबर गावोगाव बोलायला जातात, त्यांत तो जातो. लपवू नका, एवढंच सांगतो. पण असं सांगतो की बायाबापड्या पदर डोळ्यांना लावतात. गेल्या वर्षी पोलादपूरच्या कार्यक्रमाला त्यानं मला आग्रहानं बोलावलं. मी मागं बसलो होतो. बोलता बोलता तो थांबला आणि म्हणाला, "मला हा आजार झाला तवा सगळ्यांनी पाठ फिरवली. एक माणूस हटला नाय. माझ्यापासून त्याचा जीव धोक्यात आला होता, तरी तो माझ्याच खोलीत राहिला. तो आज इथं हाय." लोक वळून बघायला लागले. टाळ्या झाल्या. मला पुढं नेलं, आणि ती शाल मंगेशनंच माझ्या खांद्यावर घातली. मी हात जोडले. एवढे डोळे बघत असताना दुसरं काय करता येतं? येतं. बोलता येतं. माईक चालू होता.

कार्यक्रमानंतर त्याच्या घरी गेल्यावर चहा झाला. मला कपबशी. त्यानं फळीवरून त्याचा पेला काढला. तोच. खोली सोडताना त्यानं तो बरोबर नेला होता. "सवय झालीय," म्हणाला, "आणि मुलीला सांगतो, ह्यात बाबाच्या मित्राचं नाव हाय."

आता शेवटचं. मी ते मागं ठेवत आलो, तुमच्याही लक्षात आलं असेल. मी लपवलं, खिडकी उघडली नाही, माफी स्वीकारली, शाल घेतली — हे सगळं मी न बोलल्याचं आहे. न बोललेलं माणूस कसंही वळवतो: धीर झाला नाही, वेळ चुकली, जीभ उचलली नाही. पण एकदा मी बोललो होतो. स्पष्ट, विचारल्याबरोबर.

औषध सुरू करायच्या दिवशी, पोलादपूरच्या त्या दवाखान्यात, एक बाई रजिस्टर घेऊन बसल्या होत्या. वयस्क, चष्मा साखळीला बांधलेला. नाव, वय विचारलं. पत्ता मी गावचा दिला, कुलूपबंद घराचा. मग त्यांनी विचारलं, सोबत कोण राहतं? मी उत्तर द्यायच्या आधीच त्यांनी पेन खाली ठेवलं आणि समजावून सांगितलं, अगदी मऊ आवाजात. तुम्हाला त्रास द्यायला नाही विचारत. जो तुमच्या खोलीत झोपतो त्याला बोलवून घेऊ, त्याचा फोटो काढू, त्याच्यावर लक्ष ठेवू. त्याच्यात काही निघालं तर लवकर निघेल, डाग पडायच्या आत औषध सुरू करता येईल. त्याचं भलं आहे त्यात. कोण राहतं?

मला सगळं समजलं होतं. मी म्हणालो, कोणी नाही. एकटाच असतो.

बाईंनी तसं लिहिलं. मंगेश हे वाचेल. त्याला वाचायची सवय आहे, आणि कुणी ना कुणी दाखवेलच. तोंडावर सांगायची ताकद माझ्यात नव्हती, आजही नाही; कागदाआडून सांगतोय, तेही धरा. मला त्याच्याकडून काही नको, तुमच्याकडूनही नको. फक्त त्या रजिस्टरमधली ती ओळ चुकीची आहे, ती इथं नीट लिहितो.

सोबत राहणारे: मंगेश. वय सव्वीस. राहणार वरंध. बिरवाडीच्या खोलीत, माझ्यापासून चार हातांवर, खिडकीखाली झोपतो.